वडिलांची बंदूक वारशाने मिळते, परवाना मिळत नाही

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. वडील मार्चमध्ये गेले. भुदरगड तालुक्यातल्या घरी लोखंडी कपाटात त्यांची बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीचं माप) दुनळी बंदूक आणि थोडी काडतुसं आहेत. परवाना त्यांच्या नावावर. त्याची मुदत ते आजारी असतानाच संपली आणि नूतनीकरण राहून गेलं. आई गावी, तुम्ही पुण्यात, भाऊ न्यू जर्सीत. भाऊ म्हणतो की त्यांच्याकडे बंदुकीचा कायदा राज्यागणिक बदलतो, म्हणून महाराष्ट्राचा कायदा काय ते आधी बघ. त्यात परवा माळा साफ करताना आजोबांची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची जुनी बंदूक निघाली, तिचा एकही कागद नाही. आणि प्रश्न असा की हे सगळं 'माझ्या नावावर' कसं करायचं.

मी महसूल खात्यातला. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत शस्त्र परवान्यांचं टेबल बरीच वर्षं माझ्याकडे होतं. निवृत्तीनंतर अशा फाइली तपासून देतो. वकील नाही, त्यामुळे जिथे वकील लागेल तिथे तसं स्पष्ट सांगेन.

भावाचा मुद्दा आधी निकालात काढू. आपल्याकडे शस्त्रं हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत आहे. कायदा एकच, शस्त्र अधिनियम 1959, आणि त्याखालचे शस्त्र नियम 2016. महाराष्ट्राचा वेगळा बंदूक कायदा नाही. राज्याकडे आहे ती अंमलबजावणी. म्हणजे ग्रामीण भागात जिल्हाधिकारी, जे जिल्हा दंडाधिकारीही असतात, आणि पुण्यासारख्या शहरात पोलीस आयुक्त. त्यामुळे कायदा सगळीकडे तोच असला तरी कोणतं कार्यालय कोणता कागद कसा मागतं, यात फरक पडतो. एका जिल्ह्यात साध्या प्रतिज्ञापत्रावर काम होतं, शेजारच्या जिल्ह्यात त्याच कामाला वारस दाखला आणायला सांगतात. याला 'राज्याचा कायदा' म्हणता येत नाही, पण फेऱ्या मात्र त्यानेच वाढतात.

आता खरी अडचण. तुम्ही विचारताय नाव कसं बदलायचं. पण आज तुमच्यापुढचा पहिला प्रश्न नावाचा नाहीच. बंदूक आज ज्या कपाटात आहे तिथे ती कोणाच्या परवान्यावर आहे, हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर 'कोणाच्याच नाही' असं आहे. वडिलांची गाडी वारसाला मिळते म्हणून त्यांचं ड्रायव्हिंग लायसन्स मिळत नाही, तसंच हे. बंदूक ही मालमत्ता, ती वारसांकडे येते. परवाना ही त्या माणसाला दिलेली परवानगी, ती त्याच्याबरोबर संपते. मालकी आणि ताबा या दोन गोष्टी कायदा वेगळ्या धरतो, आणि गुन्हा घडतो तो ताब्यापाशी. विनापरवाना साधं अग्निशस्त्र बाळगलं तर कलम 25(1ब) खाली 2019 च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी 2 वर्षं आणि जास्तीत जास्त 5 वर्षं कैद आणि दंड आहे. घाबरवायला सांगत नाही. वडील गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांत बंदूक जमा करणाऱ्या कुटुंबावर गुन्हा नोंदवल्याचं माझ्या पाहण्यात नाही. पण त्याच घरात वर्षभराने भावकीत जमिनीवरून वाजलं आणि कोणीतरी ठाण्यात 'यांच्याकडे बंदूक आहे' असं सांगितलं, की चित्र बदलतं. तेव्हा 'आम्ही जमा करणारच होतो' याला काही किंमत राहत नाही.

म्हणून आधी बंदूक जमा करा. कलम 21 मध्ये तेच सांगितलंय. परवाना संपल्यामुळे किंवा अन्य कोणत्याही कारणाने ताबा बेकायदेशीर झाला, तर शस्त्र आणि काडतुसं विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची. त्याच कलमात तुमची सोयही आहे. जमा केलेली वस्तू, परवाना मिळाला की परत घेता येते, किंवा परवाना असलेल्या दुसऱ्या माणसाला विकायला सांगून पैसे घेता येतात. जमा करणं म्हणजे सोडून देणं नव्हे. बऱ्याच घरांत हाच गैरसमज असतो, 'एकदा ठाण्यात गेली की गेली'. तशी ती जाते तेव्हा, जेव्हा विहित मुदतीत कोणी दावाच करत नाही. मग जिल्हा दंडाधिकारी सरकारजमा करण्याचा आदेश काढू शकतात. त्यामुळे जमा करतानाच ठाण्यातून मुदत विचारून ती पावतीवर लिहून घ्या.

आता तुमच्या बंदुकीला हात लावण्याआधी. परवाना संपला, वडील वर्षभर आजारी होते, म्हणजे ती शेवटची कधी उघडली ते कोणालाच माहीत नसणार. ती भरलेली आहे असंच धरून चाला. नळी माणसांकडे नको, भिंतीपलीकडे माणसं असतील त्या भिंतीकडेही नको. चापापासून बोट लांब. वरची कळ बाजूला सारून बंदूक मोडायची आणि दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसतो का पाहायचं. कळ गंजून अडकली असेल तर जोर लावू नका, ठाण्यात तसं सांगा. हे काम गावातल्या 'बंदुकीतलं कळतं' अशा माणसाला देऊ नका. दुरुस्तीलाही कायद्यात परवाना लागतो, त्यामुळे तोही अडकतो आणि तुम्हीही.

मग कागद आणि बंदूक समोरासमोर ठेवा. परवान्याच्या पुस्तिकेत शस्त्राचा क्रमांक, बोअर, बनावट लिहिलेली असते. दुनळीवर क्रमांक सहसा नळ्यांच्या खालच्या सपाट बाजूला, म्हणजे बंदूक मोडल्यावर दिसतो तिथे, आणि अनेकदा चापाच्या कडीवरही असतो. जुन्या पुस्तिकांत क्रमांक शाईने लिहिलेला, त्यावर पावसाळ्याचं पाणी, वरून नूतनीकरणाचे शिक्के. 1 आणि 7, 3 आणि 8 यांत घोळ होतो. माझ्या टेबलावरची एक वारसाची फाइल केवळ एवढ्यावर अडली होती. पुस्तिकेत एक आकडा, बंदुकीवर दुसरा, आणि ठाण्याच्या अंमलदाराने पावती बंदूक बघून न लिहिता पुस्तिका बघून लिहिलेली. शेवटी आर्मररकडून, म्हणजे पोलिसांच्या शस्त्र तपासणाऱ्या कारागिराकडून, तपासणी करून दुरुस्तीचा आदेश काढावा लागला, तोवर अर्जदार हैराण. म्हणून क्रमांकाचा स्पष्ट फोटो काढून ठेवा. काडतुसं मोजा, रिकामी टरफलं वेगळी मोजा. काडतुसं विहिरीत टाकणं, शेजारच्या परवानेवाल्याला 'वापर तू' म्हणून देणं, हे प्रकार लोक करतात. करू नका.

बंदूक ठाण्यात न्यायची कशी? तुमच्यापैकी कोणाकडेच परवाना नाही, मग गाडीत घालून नेणं हीसुद्धा बाळगणूकच. त्यामुळे आधी ठाण्यात फोन करा, नंतर लेखी अर्ज द्या, आणि त्यांना विचारा की तुम्ही नेऊन देता की आम्ही आणू. बहुतेक ठिकाणी बीट अंमलदार येतो किंवा वेळ देऊन बोलावतात. अर्जाला कायदेशीर भाषेची गरज नाही. एवढं पुरे: "माझे वडील (नाव) यांचे (तारीख) रोजी निधन झाले. त्यांच्या नावे शस्त्र परवाना क्र. (…) असून त्यावर नोंदलेली बारा बोअर दुनळी बंदूक क्र. (…) व (…) जिवंत काडतुसे राहत्या घरी आहेत. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 21 नुसार ती जमा करून घेऊन पावती मिळावी. कायदेशीर वारस म्हणून बंदुकीवरील आमचा हक्क राखून ठेवत आहोत." मृत्यूचा दाखला आणि परवान्याची प्रत जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या, आणि एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेला द्या. ठाण्यात 'साहेब बंदोबस्ताला गेलेत, पुढच्या आठवड्यात या' हे ऐकायला मिळू शकतं. तेव्हा हा शिक्काच तुमच्या बाजूने बोलतो. उशीर तुमच्याकडून नाही, हे त्यावरच्या तारखेने दिसतं.

परवान्याची मुदत वडील असतानाच संपली होती याची काळजी फार करू नका. ती चूक लपवू मात्र नका. अर्जात 'आजारपणामुळे नूतनीकरण राहिले' असं एका ओळीत लिहा आणि दवाखान्याचे कागद हाताशी ठेवा. ज्यांनी हे लपवलं त्यांच्या फाइलीत पोलीस अहवालात तेच पहिलं वाक्य म्हणून येतं.

ठाणं की विक्रेता? ठाण्यात खर्च नाही, पण तिथे तेलपाणी कोणी करत नाही. कोकण-कोल्हापूरच्या पावसात एका हंगामात नळीला गंज धरतो. बंदूक चांगल्या बनावटीची असेल आणि पुढे ठेवायचीच असेल तर परवानाधारक विक्रेत्याकडे भाडं भरून ठेवणं परवडतं. अट एवढीच की तिथे नेण्याआधी ठाण्याला लेखी कळवा आणि विक्रेत्याची पावती गृह शाखेत द्या. तुमच्या बाबतीत मी ठाणंच म्हणेन, कारण मुदत संपलेला परवाना आणि कागद नसलेली दुसरी बंदूक अशी दोन्ही प्रकरणं एकाच अधिकाऱ्यासमोर राहिलेली बरी.

इथवरचं काम पुढच्या काही दिवसांत होण्यासारखं आहे. यानंतर घाई नाही. आता वारसाच्या परवान्याकडे वळू.

शस्त्र नियम 2016 चा नियम 25 वारसाच्या परवान्यासाठी आहे. परवानाधारक वारल्यावर त्याच्या वारसाला परवाना देता येतो. हयातीतही देता येतो, परवानाधारकाला 70 वर्षं पूर्ण झाली किंवा शस्त्र बाळगून 25 वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा तो स्वतः वारस सुचवू शकतो. हे दुसरं कलम लोकांना माहीतच नसतं. ज्यांचे वडील पंचाहत्तरीत आहेत आणि बंदूक घरात आहे, त्यांनी हा भाग वाचून आजच हालचाल करावी, निम्मा त्रास वाचेल.

या नियमाचा मोठा फायदा असा की नवा परवाना मागणाऱ्याला 'तुम्हाला बंदुकीची गरज काय, जिवाला धोका कोणापासून' हे जे सिद्ध करावं लागतं, ती गरजेची अट वारसासाठी बाजूला ठेवता येते. पात्रता मात्र सगळी लागते. वय 21 पूर्ण, पोलीस अहवालात प्रतिकूल शेरा नाही, शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचं वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण, आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी. आणि नियमात 'देता येईल' असं आहे, 'द्यावाच' असं नाही. वारस आहे म्हणजे परवाना हक्काचा, असं समजून टेबलावर आवाज चढवणारे अर्जदार मी बरेच पाहिले. त्याने फाइल वेगाने हलत नाही, एवढंच सांगतो.

एकापेक्षा जास्त वारस असले तर बाकीच्यांचं ना हरकत प्रतिज्ञापत्र लागतं आणि अर्जदाराचं हमीपत्र, ज्यात शस्त्राचा आणि काडतुसांचा पूर्ण तपशील असतो. तुमच्या घरात वारस कोण? आई, भाऊ, तुम्ही. आणि आजी, म्हणजे वडिलांची आई हयात असेल तर त्याही. हिंदू उत्तराधिकार कायद्यात मृताची आई पहिल्या वर्गातली वारस आहे. हे नाव अर्जात राहून जातं, मग तलाठ्याच्या (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) वारस नोंदीत ते दिसतं आणि फाइल परत येते. भावाचं ना हरकत प्रतिज्ञापत्र त्याने न्यू यॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित करून पाठवावं. व्हॉट्सॲपवरचा स्कॅन चालत नाही, मूळ प्रत लागते. तो डिसेंबरात येणार असेल आणि बंदूक ठाण्यात सुरक्षित असेल, तर तेव्हा इथेच नोटरीसमोर सही घेणं सर्वांत सोपं.

आता अर्ज कोणी करायचा? तुम्ही गृहीत धरलंय की तुम्ही. मी तुमच्या जागी असतो तर आधी वडिलांच्या परवान्यावर हेतू काय लिहिलाय ते पाहिलं असतं. 'आत्मसंरक्षण' असेल तर एक गोष्ट, 'शेती संरक्षण' असेल तर दुसरी. तुम्ही पुण्यात राहता, म्हणजे तुमचा अर्ज पुणे पोलीस आयुक्तांकडे जाणार. तिथून कोल्हापूरला पडताळणी, कोल्हापूरहून ठाण्याला, आणि मग परत उलटा प्रवास. शेती संरक्षणाची बंदूक पुण्याच्या फ्लॅटमध्ये कशासाठी, हा प्रश्न चौकशी अधिकारी विचारणारच, आणि त्यात त्याची चूक नाही.

आई गावी राहते, सातबाऱ्यावर तिचं नाव लागेल, बंदूक जिथे होती त्याच ठाण्याच्या हद्दीत राहील. प्रकृती बरी असेल आणि तिची तयारी असेल तर अर्ज आईच्या नावाने करणं मला जास्त सरळ वाटतं. बाई अर्जदार म्हणून कोणी नाक मुरडलं तर मनावर घेऊ नका, नियमात तसं काही नाही. पुढे तिला 70 पूर्ण झाली की तिने तुम्हाला सुचवायचं, तोवर तुमचंही ठरेल. अर्थात आईला बंदूक घरात नकोच असेल, रात्री तिला त्याची भीतीच वाटत असेल, तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवा. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसाच्या घरात बंदूक आहे हे गावाला माहीत असणं, हा स्वतःच एक धोका असतो.

तुमच्या भागात आणखी एक गोष्ट आडवी येऊ शकते. गाव राधानगरी अभयारण्याच्या हद्दीपासून 10 किलोमीटरच्या आत असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चं कलम 34 लागतं. त्या पट्ट्यात नवा शस्त्र परवाना देताना मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसहमती लागते. वारसाचा परवाना कागदोपत्री नवाच असतो, त्यामुळे हे पत्र मागितलं जाईल असं धरून चला आणि अंतराचा दाखला आधीच काढून ठेवा. आणि ओघात सांगतो, शेती संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. गवा शेतात शिरला म्हणून गोळी घातली तर ते वेगळं आणि फार मोठं प्रकरण होतं.

अर्ज आता ऑनलाइन प्रणालीवर भरायचा आणि मग कागद कार्यालयात द्यायचे. प्रत्येक परवानाधारकाला राष्ट्रीय नोंदणीत एक यूआयएन क्रमांक असतो. वडिलांच्या पुस्तिकेवर तो आहे का पाहा. नसेल तर त्यांची नोंद त्या प्रणालीत चढलीच नव्हती, आणि मग गृह शाखेला जुन्या नोंदवहीतून परवाना खरा असल्याची खात्री करून घ्यावी लागते. ते काम तुम्ही स्वतः जाऊन, परवाना कोणत्या साली पहिल्यांदा दिला ते सांगून करून घेतलंत तर लवकर होतं. नोंदवह्या वर्षवार लावलेल्या असतात, नावावरून शोधायला कोणी बसत नाही.

पोलीस चौकशीत तुमचा पूर्वेतिहास, शेजाऱ्यांचे जबाब, घरात कुलूपबंद जागा आहे का, हे पाहतात. इथे सगळ्यात जास्त फाइली कशावर अडकतात सांगू? भावकीच्या वादातल्या अदखलपात्र तक्रारींवर. बांधावरून झालेलं भांडण, दोन्हीकडून ठाण्यात कागद. गुन्हा सिद्ध झालेला नसतो, पण अहवाल लिहिणारा 'वाद असल्याने शिफारस करता येत नाही' असं लिहून मोकळा होतो. असं काही असेल तर तो वाद मिटला असल्यास तडजोडीचा कागद, कोर्टात असल्यास सद्यस्थिती, हे अर्जाबरोबरच द्या. लपवून फायदा नाही, ते संगणकावर दिसतंच.

नामंजूर झालं तर कारणांसह लेखी आदेश मागा. कलम 18 खाली अपील आहे, आदेशापासून 30 दिवसांत. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर पुण्याच्या विभागीय आयुक्तांकडे, पोलीस आयुक्तांच्या आदेशावर राज्य शासनाकडे. कारण मोघम असेल तर अपिलात प्रकरण फेरचौकशीला परत येणं अगदी नेहमीचं.

मंजूर झालं तर परवान्यावर बंदुकीचा क्रमांक चढतो, मुदत 5 वर्षं (2019 आधी 3 होती), आणि तो परवाना घेऊन ठाण्यातून बंदूक सोडवायची. परवाना पुण्याचा आणि बंदूक कोल्हापूर जिल्ह्यात असेल तर परवान्याचं क्षेत्र निदान महाराष्ट्रभर आहे ना, हे बंदूक गाडीत ठेवण्याआधी वाचा.

संख्येचं बंधनही लक्षात असू द्या. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त 2 अग्निशस्त्रं, पूर्वी 3 चालत. वारसाने आलेलं शस्त्रही या दोनात धरतात, कायद्यात तसं वेगळं लिहिलंय. ज्यांच्याकडे आधीच रिव्हॉल्व्हर आणि रायफल आहे त्यांना वडिलांची तिसरी मिळणार नाही, ती दुसऱ्या वारसाने घ्यावी किंवा विकावी. आणि कोणाच्या घरात 303 रायफल, 9 एमएम पिस्तूल, 455 रिव्हॉल्व्हर असं लष्करी दारूगोळा चालणारं काही निघालं, तर तो विषय जिल्हाधिकाऱ्यांचा नाही, दिल्लीचा आहे. तुमची बारा बोअर त्यात येत नाही.

आता माळ्यावरची ठासणीची. ही तुमच्या दुनळीपेक्षा नाजूक बाब आहे, कारण हिला कागदच नाही. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 ला मुंबई राज्यात विलीन झालं. त्याआधीपासून घरात असलेल्या हत्यारांचे कागद आज सापडत नाहीत, यात नवल नाही. लोक म्हणतात, जुनी आहे, शोभेची आहे, भिंतीवर लावू. कायद्यात कलम 45 मध्ये जुन्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्यारांना सूट आहे खरी, पण अट अशी की ते दुरुस्त करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येता कामा नये. ठासणीच्या बंदुकीत असतं काय? एक लोखंडी नळी, मागे निपल (ठिणगी आत जाते ती छोटी नळी), वर घोडा (निपलवर आपटणारा भाग). घोडा तुटलेला असला, निपल गंजलेलं असलं तरी नळी धड असेल तर ती चालती करता येते. त्यामुळे 'मोडकी आहे' हे तुम्ही ठरवून चालत नाही, ते पोलीस मुख्यालयाच्या आर्मररने लिहून द्यावं लागतं. स्वतः नळीला भोक पाडायला किंवा वितळवायला जाऊ नका.

आणि ही भरलेली असू शकते. बंदुकीची काळी दारू कोरड्या माळ्यावर वर्षानुवर्षं टिकते. हलवायचीच झाली तर निपलवर टोपी (ठिणगी पाडणारी छोटी स्फोटक टोपी) नाही ना पाहा, घोडा ओढू नका. तपासायची रीत अशी: एक सरळ लाकडी काठी तोंडातून नळीत हळूच सोडायची, टेकेल तिथे तोंडापाशी खूण करायची, मग तीच काठी बाहेरून नळीला समांतर धरायची. काठीचं टोक निपलच्या जागेच्या अलीकडेच थांबत असेल तर आत बार आहे असं धरायचं. मग हात न लावता ठाण्याला सांगायचं. हे करतानाही तोंडासमोर उभं राहायचं नाही, आणि धाकधूक वाटत असेल तर हेही करू नका.

ठासणीसाठी ठाण्यात जाण्याआधी एकदा तालुक्याच्या ठिकाणी फौजदारी काम करणाऱ्या वकिलाला अर्ज दाखवा. कारण इथे परवाना कधी होता का हेच माहीत नाही, आणि ठाणेदार कागदावर काय म्हणतो त्यावर पुढचं ठरतं. आजोबांचं नाव जुन्या शेती संरक्षण परवान्यांच्या नोंदवहीत सापडलं तर उत्तमच, मग तीही नियम 25 च्या वाटेने जाऊ शकते. नाही सापडलं तर 'माळ्यावर अमुक तारखेला सापडली, जमा करत आहोत' असा अर्ज, सापडल्यापासून लवकरात लवकर. विनापरवाना ताब्याच्या खटल्याला कलम 39 खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, आणि स्वतःहून आणून देणाऱ्याच्या बाबतीत तो कागद वाचणारा माणूस ही गोष्ट लक्षात घेतो. दोन्ही बंदुकांचे अर्ज एकाच दिवशी द्या, पण वेगवेगळे. एकात गुंफले तर ठासणीच्या चौकशीत दुनळीची पावतीही लटकते.

शेवटचं, तुम्ही न विचारलेलं. बंदूक ठेवायचीच का? दर 5 वर्षांनी नूतनीकरण, निवडणूक आली की कोणाची शस्त्रं जमा करायची ते ठरवणाऱ्या छाननी समितीने तुमचं नाव निवडलं तर पुन्हा जमा, घरात लहान मूल असेल तर कुलूप आणि काडतुसं दोन वेगळ्या जागी. जुन्या बारा बोअरला बाजारात फार भाव येत नाही, त्यामुळे पैशासाठी विकण्यात अर्थ नाही, पण नको असेल तर विकणं हा स्वच्छ मार्ग आहे. घेणाऱ्याकडे परवाना हवा, आणि जिल्हा दंडाधिकारी किंवा ठाण्याला लेखी कळवल्यापासून 45 दिवस जाऊ द्यावे लागतात. सगळ्या वारसांच्या सह्या असतील तर यात अडचण येत नाही. भावाला ती न्यू जर्सीला न्यायची असेल तर तो नाद सोडायला सांगा. निर्यातीचा परवाना इकडे, आयातीचा तिकडे, आणि वर त्यांच्या राज्याचा तो वेगळा कायदा.

आईशी बोला, वडिलांच्या पुस्तिकेत हेतू काय लिहिलाय आणि यूआयएन आहे का ते कळवा. बंदुकीचा आणि परवान्याचा क्रमांक मात्र इथे टाकू नका.